२५ बाय ६२ बाय १२

बजाज चेतकचे उत्पादन १९७२ साली सुरू झाले आणि पेट्रोलवरची चेतक २००६ च्या सुमारास थांबली. साताऱ्यात बनणारी प्रिया, कानपूरची एलएमएल व्हेस्पा, लखनौच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर, मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा, यांतली एकही आज शोरूममध्ये नवी मिळत नाही. तरी पुण्याच्या नाना पेठेत या गाड्यांचे सुटे भाग अजून विकले जातात आणि गावोगावच्या गॅरेजांत त्यांची इंजिने खोलली जातात. वडिलांची स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून कुणी रंगावर खर्च करतो, कुणी क्रोमवर, कुणी नव्या पिस्टनवर. बेअरिंगचा विषय निघतो तो शेवटी, मेकॅनिकच्या यादीतल्या एका ओळीत: ‘बेअरिंग सेट १’. कोणते बेअरिंग, कुणी बनवलेले, आतून किती मोकळे, यातले काहीच त्या ओळीत नसते.

खरे तर सगळ्या यादीत सर्वांत काळजीने लिहायला हवी ती हीच ओळ. पिस्टन बदलायचा तर हेड आणि सिलिंडर काढले की काम भागते. क्रँकचे बेअरिंग बदलायचे तर इंजिन गाडीतून उतरवावे लागते, मॅग्नेट पुलरने ओढावे लागते, क्लच काढावा लागतो आणि व्हेस्पाच्या कुळातल्या इंजिनांत तर क्रँककेसचे दोन्ही अर्धे भाग सुटे करावे लागतात. एवढी मजुरी एकदाच द्यावी असे प्रत्येकाला वाटते. चांगल्या आणि भिकार बेअरिंगच्या किमतीतला फरक या मजुरीपुढे किरकोळ आहे. तो वाचवण्याच्या नादात सहा महिन्यांनी तेच इंजिन पुन्हा टेबलावर येते.

बेअरिंग गेल्याची वर्दी बहुतेक वेळा आवाजाने मिळते. इंजिनाचा वेग वाढेल तशी वाढणारी घरघर ऐकू येते, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक केसवर टेकवून मूठ कानाला लावली की ती नेमकी कोणत्या बाजूची हे जाणता मेकॅनिक सांगतो. पण त्याआधी गाडी दुसऱ्याच खुणा दाखवत असते आणि त्या खुणा ओळखता न आल्याने लोक भलत्याच भागांवर पैसे घालवतात. जुन्या स्कूटरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.५ मिलीमीटर ठेवायचा असतो आणि ते पॉइंट उघडणारा कॅम मॅग्नेटच्या मधोमध असतो. म्हणजे मॅग्नेट ज्या क्रँकवर बसले आहे तो क्रँक बेअरिंगमध्ये जरा जरी हेलकावला तरी गॅप बदलणार. बेअरिंगमध्ये मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतका प्ले आला तर ०.४ च्या गॅपचा चौथा हिस्सा कमीजास्त होतो. गाडी कधी झटक्यात सुरू होते, कधी दहा किका खाते. मालक पॉइंट बदलतो, कंडेन्सर बदलतो, कॉइल बदलतो. मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहिले असते तर दोष तिथल्या तिथे हाताला लागला असता.

प्ले वाढला की सीलही टिकत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. सीलच्या ओठाजवळून बाहेरची हवा आत शिरू लागली की पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होतो. व्हेस्पा पीएक्स आणि तिच्या जातीच्या इंजिनांना आणखी एक धोका आहे. त्यांत कार्बोरेटरकडून येणारी वाट उघडण्या-मिटण्याचे काम क्रँकची थाळीच करते. थाळी आणि केस यांच्यात मिलीमीटरच्या काही शतांशांचीच फट असते. बेअरिंग ढिले झाले की थाळी केसला घासते आणि ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. बेअरिंग नवे घालता येते. ओरखडलेली केस दुरुस्त करणे अवघड आणि महाग असते. एका बेअरिंगकडे केलेले दुर्लक्ष इतक्या दूरवर पोचते.

आता नंबरांकडे. बेअरिंगच्या कडेवर कोरलेले आकडे सांकेतिक वाटले तरी ते वाचणे शाळकरी गणिताइतके सोपे आहे. ६३०५ या नंबरातला पहिला ६ सांगतो की हे खोल खाचेचे, छर्ऱ्यांचे, एकेरी रांगेचे बेअरिंग आहे. ३ हा जाडीची आणि बाहेरच्या व्यासाची श्रेणी सांगतो. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास निघतो, २५ मिलीमीटर. हा गुणाकार ०४ पासून पुढे चालतो. त्याखाली ००, ०१, ०२ आणि ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलीमीटर. ६२०५ आणि ६३०५ दोन्ही २५ च्या शाफ्टवर बसतात, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५, तर दुसऱ्याचा व्यास ६२ आणि रुंदी १७. त्या वाढीव मापामुळे ६३०५ ची भार पेलण्याची क्षमता ६२०५ च्या सुमारे दीडपट असते.

दीडपट क्षमता म्हणजे आयुष्य दीडपट, असा हिशेब मात्र नाही. गुस्टाफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडलेले गणित आजही जगभरच्या बेअरिंग कॅटलॉगांच्या मुळाशी आहे. त्या गणितानुसार छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य क्षमता आणि भार यांच्या गुणोत्तराच्या घनाइतके बदलते. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. क्षमता दीडपट झाली तर आयुष्य तिपटीहून जास्त होते. आणि कॅटलॉगमध्ये दिलेले आयुष्य म्हणजे हमी नव्हे. एकाच प्रकारच्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तो पल्ला गाठतील, दहा आधीच जातील, असा त्याचा अर्थ. मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी चालणारे इंजिन तासाला ३ लाख फेऱ्या घेते. पोलादात राहून गेलेला मळीचा एखादा कण किंवा छर्रे जिच्यावर धावतात त्या रेसवरचा एखादा बारीक ओरखडा एवढ्या फेऱ्यांत लपून राहू शकत नाही.

लॅम्ब्रेटाच्या एलआय आणि जीपी मालिकांच्या इंजिनात क्लचच्या बाजूला हेच ६३०५ बसते. कॅटलॉगमधले सरळ माप असल्याने ते कोणत्याही चांगल्या कंपनीचे, कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे मिळते. मॅग्नेटच्या बाजूला बसते एनयू २०५. या बेअरिंगात छर्ऱ्यांऐवजी दंडगोल रोलर असतात, आणि त्याचे माप २५ बाय ५२ बाय १५, म्हणजे हुबेहूब ६२०५ चे. इथेच मोठी गफलत होते. दुकानदाराकडे एनयू २०५ नसते, ६२०५ असते. व्हर्नियर लावला तर दोन्ही सारखीच भरतात आणि बसवताना कसलीही अडचण येत नाही. पण रोलर रेषेवर टेकतो, छर्रा बिंदूवर. म्हणून त्याच मापात एनयू २०५ ची क्षमता ६२०५ च्या जवळजवळ दुप्पट असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एनयू जातीत आतल्या रिंगला कड नसते, त्यामुळे शाफ्ट आडवा थोडा सरकू शकतो. इंजिन तापले की क्रँक आणि केस वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात. क्लचच्या बाजूचे बेअरिंग क्रँकला जागेवर धरून ठेवते आणि मॅग्नेटच्या बाजूचे त्याला लांबायला वाव देते, अशी ही रचना आहे. दोन्हीकडे छर्ऱ्यांची बेअरिंग्ज घातली की तो वाव संपतो आणि वाढलेल्या लांबीचा दाब थेट छर्ऱ्यांवर येतो. ‘माप जुळते ना, मग घाला’ हे गॅरेजमधले वाक्य ऐकले की ग्राहकाने तिथेच थांबायला हवे.

व्हेस्पाची गोष्ट अवघड आहे. १९७७ मध्ये आलेल्या पीएक्स पिढीत, आणि तिच्याच आराखड्यावर बनलेल्या एलएमएलमध्ये, क्लचच्या बाजूचे बेअरिंग २५ बाय ६२ बाय १२ मापाचे आहे. व्यास ६३०५ चे, पण रुंदी १७ ऐवजी १२. प्रमाणित मालिकेत न बसणारे हे माप मुद्दाम या इंजिनासाठी बनवले जाते आणि बेअरिंग कंपन्या त्याला स्वतःचा वेगळा नंबर देतात. त्यामुळे औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात ते सहसा नसते. स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानातच घ्यावे लागते, बहुधा किटच्या खोक्यातून. खोक्यावर एक नाव असते, आतल्या बेअरिंगवर दुसरे, कधी काहीच नसते. खोक्याचे नाव सोडून द्यावे आणि रिंगच्या कडेवर कोरलेले नाव आणि नंबर वाचावा. कोरी कड असलेले बेअरिंग इंजिनात घालू नये. मॅग्नेटच्या बाजूला याच इंजिनात २५ बाय ३८ बाय १५ चे सुयांचे बेअरिंग असते. त्याची बाहेरची रिंग सुयांसह केसमध्ये बसते आणि आतली रिंग वेगळी, क्रँकवर घट्ट चढवलेली असते. जुनी आतली रिंग काढायला कष्ट पडतात म्हणून ती तशीच ठेवून फक्त बाहेरचा भाग बदलण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. झिजलेल्या वाटेवर नव्या सुया फिरल्या की त्याही लवकर झिजतात. दोन्ही भाग एकाच जोडीचे बदलायला हवेत.

नंबरानंतर येणारी अक्षरे बहुतेक ग्राहक वाचतच नाहीत, आणि दर्जेदार बेअरिंग चुकीचे ठरते ते याच अक्षरांपायी. त्यांत मुख्य सी३. बेअरिंगच्या आत छर्रे आणि रेस यांच्यात मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते. २५ मिलीमीटर भोकाच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगात साधारण वर्गाची मोकळीक ५ ते २० मायक्रॉन, सी३ ची १३ ते २८ आणि सी४ ची २३ ते ४१ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. नंबरापुढे काहीच लिहिलेले नसेल तर ते साधारण वर्गाचे समजायचे.

इंजिनाला जास्त मोकळीक लागते ती दोन कारणांनी. बेअरिंग क्रँकवर दाबून चढवले की आतली रिंग ताणली जाते, केसमध्ये बसवले की बाहेरची आवळली जाते, आणि दोहोंमुळे मोकळीक घटते. मग इंजिन चालू झाले की क्रँक आतून तापतो आणि आतली रिंग बाहेरच्या रिंगेहून अधिक फुगते. साधारण वर्गाच्या बेअरिंगात उरलेली मोकळीक या टप्प्यावर संपू शकते. छर्रे दोन रिंगांत आवळले जातात, घर्षणाने आणखी तापतात आणि बेअरिंग निळे पडून जाते. लॅम्ब्रेटाच्या ६३०५ आणि एनयू २०५ या दोहोंपुढे सी३ असायलाच हवे. इतर इंजिनांत त्या इंजिनाचे पुस्तक सांगेल तो वर्ग घ्यावा.

सी३ चे नवे बेअरिंग कोरडे असताना हातात हलवले तर किंचित सैल लागते. दुकानात ग्राहक ते हलवून पाहतो, ‘हे तर ढिले आहे’ म्हणतो आणि घट्ट वाटणारे, म्हणजे चुकीचे, बेअरिंग पसंत करतो. बेअरिंग आडवे हलवले की जाणवतो तो प्ले आतल्या खऱ्या मोकळिकीच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून ही हाताची परीक्षा फसवी आहे. वर्ग कड वाचूनच कळतो.

झेडझेड किंवा २आरएस ही अक्षरे म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची किंवा रबराची झाकणे. चाकात ती चांगली, क्रँकवर नकोत. टू-स्ट्रोकच्या क्रँकला तेल मिळते ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलाच्या धुक्यातून किंवा गिअरच्या तेलातून. झाकण ते अडवते आणि आतले ग्रीस पेट्रोलने धुऊन जाते. छर्ऱ्यांना अंतरावर ठेवणारी जाळी पोलादी, पितळी किंवा पॉलिअमाइडची असते. पॉलिअमाइड हलके आणि शांत असले तरी ते सततच्या १२० अंशांच्या वर टिकत नाही. हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनासाठी पोलादी जाळी मिळत असेल तर तीच घेणे शहाणपणाचे.

कंपनीची निवड करताना ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला आपल्याकडे फार भाव आहे. तो या बाबतीत अनाठायी आहे. आधुनिक बेअरिंगचा पाया श्वाइनफुर्टच्या फ्रिडरिश फिशरने १८८३ मध्ये पोलादी गोळ्या अचूक गोल घासणारे यंत्र बनवून घातला. १९०७ मध्ये स्वेन विंगक्विस्टने गोथेनबर्गला एसकेएफ उभी केली. पण त्या परंपरेचे कारखाने भारतात काही दशकांपासून आहेत. एसकेएफची बेअरिंग्ज चिंचवडला बनतात, वडोदऱ्याच्या कारखान्यातून एफएजीची येतात, जयपूरची एनबीसी १९४६ पासूनची आहे आणि सुयांच्या बेअरिंगांत नाव असलेली एनआरबी १९६५ मध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. क्रोमियमयुक्त बेअरिंग पोलाद, सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचे, साठच्या आसपास रॉकवेल कडकपणाचे, हे सारे नीट करणाऱ्या कारखान्यातून आलेले चिंचवडचे बेअरिंग युरोपातल्या भावंडाच्या तोडीचे असते. भीती बाळगायची ती नकली मालाची.

नकली बेअरिंगांचा धंदा जगभर चालतो. २०१९ मध्ये एफएजी ज्यांची त्या शेफलर कंपनीने श्वाइनफुर्टला सुमारे १० टन नकली बेअरिंग्ज नष्ट केली. नकलेचे खोके, छपाई, कोरलेला नंबर हुबेहूब असू शकतात. जुनी बेअरिंग्ज चकाकवून नव्या खोक्यात भरण्याचाही प्रकार आहे. त्यामुळे डोळ्यांनी पाहून खरे-खोटे ठरवण्याचा भरवसा कुणी देऊ नये. एसकेएफचे ऑथेंटिकेट आणि शेफलरचे ओरिजिनचेक ही मोबाइल ॲप्स खोक्यावरच्या कोडची किंवा छायाचित्रांची तपासणी करून देतात. त्याहून साधा उपाय म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहणे आणि पक्के बिल घेणे. नेहमीच्या भावाच्या निम्म्याने मिळणारे प्रसिद्ध नावाचे बेअरिंग घेऊ नये, मग ते कुणीही देवो.

उत्तम बेअरिंगही बसवताना पाच मिनिटांत निकामी होते. हातोडीचा घाव चुकीच्या रिंगेवर पडला की तो छर्ऱ्यांमधून दुसऱ्या रिंगेपर्यंत जातो आणि रेसवर बारीक खळगे उमटतात. पहिल्याच दिवशी आवाज येतो आणि ‘बेअरिंगच खराब होते’ असा निकाल लागतो. जी रिंग घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. त्याहून चांगले म्हणजे जोर लावावाच न लागणे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ६२ मिलीमीटरचे घर ८० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.११ मिलीमीटरने मोठे होते. फ्रीझरमध्ये ठेवलेले बेअरिंग सुमारे ०.०३ ने आक्रसते. मग ते हाताच्या बोटांनी जागेवर बसते. केस सगळीकडून सारखी, भट्टीत किंवा हॉटप्लेटवर तापवावी. बेअरिंग तापवायचे असेल तर १२० अंशांच्या वर नेऊ नये आणि गॅसची ज्योत त्याला दाखवू नये.

अनेकदा खोललेल्या केसमध्ये घरच मोठे झालेले असते आणि बेअरिंग त्यात फिरू लागते. त्यावर घराच्या कडेला पंच मारून ठिपके उठवण्याचा रिवाज आहे. चार ठिपक्यांवर टेकलेली रिंग वाकडी होते आणि आतली मोजूनमापून ठेवलेली मोकळीक बिघडते. फरक थोडा असेल तर बेअरिंगसाठीचा खास चिकटद्रव चालतो. जास्त असेल तर लेथवर घर मोठे करून त्यात बुश घालणे हाच खरा इलाज.

इंजिन बांधायला देण्याआधी मालकाने ‘बेअरिंग सेट १’ ही ओळ खोडावी आणि तिच्या जागी प्रत्येक बेअरिंगचा पूर्ण नंबर, मोकळिकीच्या वर्गासकट, माप आणि कंपनी लिहून द्यावी. आणि काम झाल्यावर बिलाबरोबर जुनी बेअरिंग्ज परत मागून घ्यावीत.